मंडईला दोन पाहुणे

१ ऑक्टोबर, रविवार

आज दुपारी जेवताना रेणूनं सांगितलं की ती बायसेक्शुअल आहे. भाजी वांग्याची होती.

मी विचारलं, "म्हणजे का?"

"म्हणजे बाबा, मले पोरगाही आवडू शकते अन् पोरगीही."

"म्हणजे अजून ठरलं नाही."

"ठरलं आहे. हेच ठरलं आहे."

करुणानं न विचारता माझ्या ताटात भात वाढला. माझ्या बायकोला बोलायचं नसलं की ती भात वाढते.

पोट्टी सत्तावीसची झाली. नागपूरला दवाखान्यात फिजिओथेरपी करते, म्हणजे दिवसभर म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवते, अन् शनिवारी एसटीनं घरी भंडाऱ्याला येते. मागच्या वर्षी मोबाइलच्या एका ॲपवर तिची लाखनीच्या अंकुरशी ओळख झाली. ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये आहे. पोरगा नम्र, दोनदा आमच्याकडं जेवून गेला, ताट स्वतः उचललं. दुसऱ्या जेवणानंतर मी दुकानात जाऊन आंदणाच्या पितळी गुंडावर, म्हणजे पाण्याच्या मोठ्या भांड्यावर, दोघांची नावं टाकून मोकळा झालो. आमच्या भांड्यांच्या धंद्यात नाव टाकणं हे सगळ्यात शेवटचं काम. मी ते आधी केलं. घरात कोणाला बोललो नाही.

आज कळलं की अंकुरचं संपलं. "काहून?" म्हटलं तर म्हणाली, "त्याले हे चाललं नाही." म्हणजे पोरांची बाजू बंद झाली अन् आता पोरींची बाजू सुरू होणार, असं मी समजलो.

मग तिनं असलं काही सांगितलं की घास तसाच तोंडात राहिला. "मामाच्या गावच्या मंडईले मी दरसाल येते. सगळे सोयरे जमले की कोणी ना कोणी विचारते, पोट्टीचं का ठरलं. यंदा विचारलं त मी खरं सांगीन. तुमाले चालत असेल त येते. नसेल चालत त तसं सांगा. बेंगलोरच्या एका दवाखान्यानं बोलावलं आहे, तिकडं जाते. दूर गेल्यावर येणं-जाणं हळूहळू कमीच होते, कोणाले त्रास नाही."

भांडून म्हणाली असती तर मीही भांडलो असतो. ती अगदी शांतपणे म्हणाली. मला ती जायला नको आहे, हेच मी तिला सांगायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "बेंगलोरचं पाणी चांगलं नाही."

४ ऑक्टोबर, बुधवार

अभ्यासाला लागलो. ज्या मालाची माहिती नाही त्याच्यावर मी कधी बोलत नाही.

मोबाइलवर एक मालिका पाहिली. तिच्यात अशीच एक बाई होती. तिसऱ्या भागात तिनं नवऱ्याचा खून केला. मग एक सिनेमा पाहिला. त्यातली मुलगी इंटरवलपर्यंत नायकासोबत होती अन् इंटरवलनंतर नायकाच्या बहिणीसोबत. अशी बाई दळण घेऊन आली, बँकेत रांगेत उभी राहिली, कोणाचा गुडघा वाकवला, असं एकाही ठिकाणी दाखवलं नाही.

शेवटी एका चॅनलवर चर्चा सापडली. "दोन्हीकडे चालणारी पिढी, पालकांनो सावधान." मागं नगारा वाजत होता. तज्ज्ञ म्हणून बसलेले गृहस्थ मागच्या महिन्यात त्याच खुर्चीवरून मेथीदाण्यानं शुगर कशी जाते ते सांगत होते. ते म्हणाले, हे लोक एकावर टिकत नाहीत, त्यांना दोन्ही एकाच वेळी लागते, आज आहेत तर उद्या निघून जातील. फार ठामपणे बोलले. मला पटलं.

आता रेणू दहावीपासून एकच खोबरेल तेल लावते. कपडे अजून त्याच शिंपिणीकडं शिवते, जिला आता नीट दिसतही नाही. एसटीत डाव्या बाजूची खिडकी मिळाली नाही तर गाडी सोडून देते. पण तज्ज्ञ ते तज्ज्ञ.

करुणाला हे सगळं समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मले बारावीपासून मालूम आहे. तिच्या वर्गातली रुखमिणी बापाच्या बदलीनं पवनीले गेली तवा आपली पोट्टी जेवाची बंद झाली होती. मी शिरा करून करून चारला."

मला ते चांगलं आठवते. तो टायफॉइड होता. गोळ्या मी स्वतः आणल्या होत्या.

१४ ऑक्टोबर, शनिवार

डिंपल आली. जवळच्या शहापूरची, रेणूची शाळेपासूनची मैत्रीण. रेणू आली की हीसुद्धा स्कूटीवर येते, दोघी रेणूच्या खोलीत झोपतात, सकाळी माझ्या वाटणीचे पोहे संपवतात. आजवर मला यात काही दिसलं नव्हतं.

आज रेणूची एसटी यायच्या आधीच मी सांगितलं की तिच्या खोलीत ढेकूण झाले आहेत, म्हणून डिंपलनं दिवे लागायच्या आत घरी जावं.

"काका, इतके वर्षं झाले मी इथं झोपून राहिली. ढेकूण आताच काहून झाले?"

"पावसाळा लांबला."

ती गेली. अर्ध्या तासात ढेकणाच्या औषधाचा डबा घेऊन परत आली अन् तिनं स्वतः गाद्या झटकल्या. एकही ढेकूण निघाला नाही. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"काका, रेणूनं तुमाले सांगितलं ना?"

"हाव."

"मंग? दुनियेतली हरेक पोट्टी तिले आवडते का? तुमाले बायका आवडते. दुकानात दिवसभर बायकाच येते. काकूनं कधी तुमाले ढेकूण सांगितले का?"

मी म्हटलं, "मी गल्ल्यावर बसतो. भांडी पोरं दाखवतात."

करुणा आत हसली. तिला हसायला काय झालं ते विचारायचं राहून गेलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

रेणूला डिंपलनं ढेकणांचं सांगितलं असावं. सकाळी चहा घेऊन आली अन् मोबाइल माझ्या हातात दिला. "बाबा, तुमाले वाटते मी दिवसभर मजा करून राहिली. हे वाचा. माझं हे ॲप. अंकुर गेल्यावर परत उघडलं होतं."

तिनं स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. काम, आवडीनिवडी, अन् ती बायसेक्शुअल आहे हे सरळ लिहिलेलं. खोटा माल खरा म्हणून ठेवला नव्हता. मला बरं वाटलं.

खालचे निरोप वाचले. एक जण म्हणतो, "मी अन् माझी मिसेस दोघं आहोत, तिसरी पाहिजे, खाणंपिणं आमच्याकडं." दुसरा म्हणतो, "तुझी मैत्रीणपण येईल का?" तिसऱ्यानं नमस्कारही न करता विचारलं होतं की जास्त कोण आवडते, टक्केवारीत सांग. एका बाईनं लिहिलं होतं, "तुम्ही लोक टाइमपास करता अन् शेवटी पोट्ट्याशी लग्न करून मोकळ्या होता, मला मेसेज करू नको." रेणूनं तिला मेसेज केलाच नव्हता.

भंडाऱ्यात तर ॲपवर मोजकीच माणसं होती. एकानं चेहऱ्याऐवजी वैनगंगेच्या पुलाचा फोटो लावला होता. एकाला मी ओळखलं. काळा चष्मा होता तरी ओळखलं. दर पाडव्याला माझ्याकडून ताम्हण नेतो. नाव इथं लिहीत नाही.

"असे किती येते?" मी विचारलं.

"रोज येते."

"मंग तू का करते?"

"पुसून टाकते अन् ड्युटीवर जाते."

दुकानात असं गिऱ्हाईक येते कधी कधी. वस्तू हातात घेत नाही, वाजवून पाहत नाही, उभ्या उभ्या भाव पाडते. मी त्याला पाणीही विचारत नाही. माझी पोट्टी अशा लोकांना रोज तोंड देऊन राहिली अन् मी गादीत ढेकूण शोधून राहिलो. फार वाईट वाटलं. म्हटलं, "पोहे खाऊन जा." ती म्हणाली, "खाल्ले. तुमच्या वाटणीचे."

२९ ऑक्टोबर, रविवार

बसल्या बसल्या सुचलं. ॲप हे काही खरं नाही. मुलीचं जमवणं बापाचं काम आहे, अन् पोट्टी दोन्ही म्हणते तर बापानं दोन्हीकडं पाहायला पाहिजे. आपल्याला कोणी म्हणायला नको की टेकचंदनं एकच बाजू पाहिली.

यासाठी मंडईसारखी सोय नाही. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, अन् ज्या गावची मंडई त्या गावात सगळे सोयरे जमतात. पाहायचं असलं त्या पाहुण्याला नुसतं मंडईला या म्हणायचं. तो जेवतो, दंडारीचं नाचगाणं पाहतो, मुलीला पाहतो. पंगतीत कोणी वडीलधारा विचारतो, "हे कोण होय?" पसंत असलं तर सांगायचं की सोयरे होणार. नसलं तर म्हणायचं, "मंडई पाहायले आले." तेवढ्यात समजून जाते. कोणाचा अपमान नाही, कोणाचे चहापोहे वाया नाहीत. माझंही असंच जमलं. करुणाच्या काकांनी विचारलं अन् तिचे वडील लगेच बोलले. मी त्या वेळी वडा खात होतो.

म्हणून करुणाच्या भावाच्या, तेजरामच्या, गावच्या मंडईला मी दोघांना बोलावलं. मुलाकडून अंकुर. तो फोनवर जरा थांबला, मग म्हणाला, "काका, मी येईन. मलेबी बोलायचं आहे." मुलीकडून डिंपल. ती तर ऐकताच म्हणाली, "वडे असन त कायले नाही येणार?" घाईनं हो म्हणाली. माझा संशय पक्का झाला.

रेणूला यातलं काही सांगितलं नाही. तिचा फोन आला.

"बाबा, मंडईचं का? येऊ?"

"ये."

"विचारलं त सांगीन बरं."

"मामा लाखोळीच्या डाळीचे वडे करून राहिला."

"बाबा, मी का म्हणून राहिली?"

"ऐकलं. ये म्हटलं ना."

१० नोव्हेंबर, शुक्रवार

धनत्रयोदशी. पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या चष्म्याचा माणूस बायकोसोबत समया घ्यायला आला. मी फार आदरानं बोललो. तो घाईनं गेला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

मंडई कालच झाली. काल लिहिण्यासारखं मन नव्हतं.

लाखनीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पिशवीत दोन नारळ होते, एक दुपट्टा अन् एक ओटीचा खण. दोन्ही बाजूंची तयारी. करुणानं विचारलं, "दुसरा नारळ कायले?" म्हटलं, "असू दे." मग तेजरामच्या गावी पोचलो.

डिंपल आली. सोबत एक उंच पोरगा, हातात पेढ्यांचा डबा. "काका, हा मोनू. वैशाखात लग्न आहे आमचं. तुमी बोलावलं त म्हटलं मंडईलेच पाया पडवू." तो माझ्या पाया पडला. मी काय करणार? पिशवीतला दुपट्टा अन् नारळ त्यालाच दिला. खण तसाच राहिला. डिंपलनं पिशवीत डोकावून दोन नारळ पाहिले, खण पाहिला, माझ्याकडं पाहिलं. पोट्टी हुशार आहे. "काका, तुमी मले पाहायले बोलावलं होतं?" म्हणून खाली बसून हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुमच्यासारखा बाप कोणाचा नसन व बाप्पा. पण रेणूले नका सांगू, जीव देईन ती." तिनं पाच मिनिटांत रेणूला सांगितलं.

रेणू माझ्याकडं चालत आली. मला वाटलं आता ऐकावं लागणार. ती म्हणाली, "दोन्ही एकाच दिवशी बोलावले, बाबा?"

"तू दोन्ही म्हणाली होती."

"एका वेळी एकच लागते, बाबा. सगळ्याइले लागते तसंच." मग अंकुर दिसला अन् तिचं हसू गेलं. "त्याले काहून बोलावलं?" एवढंच विचारून आत वाढायला गेली.

दुपारी दंडार सुरू झाली. गावातला इश्वर लुगडं नेसून, गजरा माळून, कंबर मोडून नाचत होता. त्याची बायको पुढंच बसून पोराला शिंगाडे सोलून देत होती. कोणाला काही प्रश्न पडला नाही. तिथंच अंकुर मला बाजूला घेऊन गेला.

"काका, मी रेणूले माफ कराले तयार आहो."

"तिनं का केलं?"

"तसं केलं नाही काही. पण तिनं मले सांगितलं की ती तशी आहे. ॲपवर लिहिलेलं होतं, पण मले वाटलं स्टाइल मारून राहिली. आता लग्न कराचं म्हणजे तिनं ते सोडून द्यावं. डिंपलसोबत बोलणं बंद करावं. असे लोक एकावर टिकत नाही काका, आज आहे त उद्या निघून जाईन."

वाक्य ओळखीचं होतं. मेथीदाण्यावाल्याचं होतं. महिनाभर माझंही होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर फारच मूर्खासारखं वाटलं.

मी विचारलं, "उद्या ती एखाद्या पोट्टीसोबत निघून जाईल, असं तुले वाटते."

"हाव."

"एखाद्या पोट्ट्यासोबत गेली त?"

"तशी कायले जाईन? ती तशी नाही."

"मंग पोट्टीसोबत कायले जाईन?"

अंकुर दंडारीकडं पाहू लागला. मीही पाहिलं. पोरगा वाईट नाही. पण ज्या पोट्टीनं त्याच्यापासून काही लपवलं नाही तिचाच त्याला भरवसा नव्हता. मी त्याला शिंगाडे घेऊन दिले.

मग पंगत. अंगणात सगळे सोयरे, मध्ये आनंदराव. करुणाचे काका, तेच ज्यांनी माझ्या वेळी विचारलं होतं. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांच्यासमोर ठरली आहेत. त्यांनी वडा मोडला अन् आवाज दिला, "टेकचंद, तो लाखनीचा पोट्टा कोण होय गा? जावई समजू का?"

रेणू माझ्याच रांगेत वाढत होती. तिचा हात थांबला. अंकुरनं मान वर केली. करुणाच्या हातात भाताचं भांडं होतं, पण तिनं या वेळी वाढलं नाही.

मी म्हटलं, "नाही काकाजी. तो मंडई पाहायले आला."

अंकुरनं मान खाली घातली. शेवटचा घास खाऊन त्यानं ताट स्वतः उचललं.

"मंग पोट्टीचं का ठरलं?" आनंदराव म्हणाले.

रेणूनं बादली खाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं. खोटं कशाला लिहू, मनात आलं की आता दंडारीचा ढोल वाजावा, कोणाला ठसका लागावा. पण हेही आलं की आज मी खाली पाहिलं तर ही पोट्टी शनिवारच्या एसटीतून परत कधी उतरणार नाही. मी खाली पाहिलं नाही.

ती म्हणाली, "आजोबा, मले पोरगाही आवडू शकते अन् पोरगीही. जे मनासारखं माणूस भेटल, त्याच्यासोबत राहीन."

आनंदराव वडा चावत राहिले. चावून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे अजून ठरलं नाही."

"ठरलं आहे," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "हेच ठरलं आहे, काकाजी."

करुणानं भांडं खाली ठेवलं अन् पदरानं तोंड पुसलं. आनंदरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग रेणूकडं, मग परत माझ्याकडं. "तुमाले समजलं का हे?"

"अर्धं समजलं."

"मंग मले त पाव समजलं," ते म्हणाले. "वडे आण व पोट्टी, थंडे होऊन राहिले."

सगळ्यांना ते चाललं असं नाही. रांगेतले दोघं ताटावरून उठून गेले. तेजरामनं दिवसभर माझ्याशी शब्द काढला नाही, दरसाल स्टँडपर्यंत सोडायला येतो तो आला नाही. करुणा गाडीत बसल्यावर रडली. भाऊ आला नाही म्हणून रडली की कशानं, ते मी विचारलं नाही.

रेणू लाखनीपासून भंडाऱ्यापर्यंत माझ्या बाजूला बसली. उजव्या बाजूची सीट होती. गाडी सोडून दिली नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

तेजरामचा अजून फोन नाही. करुणा दर दिवशी मोबाइल चार्ज आहे का ते पाहते.

बेंगलोरचं काय झालं ते मी रेणूला विचारलं नाही. पाण्याचंही बोललो नाही. शुक्रवारी तिनंच सांगितलं, "बाबा, तिकडं नाही म्हणून कळवलं." मी म्हटलं, "बरं." मग गल्ल्यावर फोन ठेवला. गिऱ्हाईकाला चमचे दाखवायचे होते, त्याला थांबायला सांगितलं.

काल ती आली. येताना रस्त्यातून तिनं फोन केला होता, "डिंपलपण येऊन राहिली झोपायले. ढेकूण गेले का?"

"गेले म्हण," करुणा मागून म्हणाली.

"गेले," मी म्हटलं. "होते असं नाही. पण गेले."

आज दुकान बंद असते. तरी जाऊन माळ्यावरून आंदणाचा गुंड काढला. त्याच्यावर वर "चि. रेणू" अन् खाली "चि. अंकुर" टाकलेलं होतं. पॉलिश पेपरनं अंकुर घासून काढला. पितळ घासलं की तेवढी जागा बाकीपेक्षा जास्त चकाकते, ते आता राहणारच. त्याच्या आधीचं "चि." मात्र राहू दिलं. ते पोरालाही लागते अन् पोरीलाही.

पुढची जागा मोकळी सोडून गुंड परत माळ्यावर ठेवला.